वेगात उजवीकडे, संथ झालं की डावीकडे: लाकडी किटमधून बांधलेल्या एका विमानाचं प्रकरण

पहिल्या तीन सकाळींत आमचं रिमोटवर उडणारं छोटं मॉडेल विमान चार वेळा उतरवलं. त्यातल्या तीन वेळा, जमीन दोन-अडीच मीटरवर आलेली असताना, डावा पंख एकदम खाली गेला आणि त्याचं टोक ढेकळांत आपटलं. आणि हेच विमान वर वेगात असलं की सतत उजवीकडे ओढायचं. एकाच विमानाच्या या दोन उलट तक्रारींमागे मी आणि माझा भाचा डिसेंबरपासून मार्चपर्यंत होतो. काय पाहिलं, काय मोजलं, कुठे वेळ गेला आणि शेवटी काय केलं ते सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतो आहे, कारण किट बांधणाऱ्या दुसऱ्या कुणालाही हे होऊ शकतं. त्या माणसाने आमच्यासारखे तीन महिने घालवू नयेत एवढीच इच्छा.

मी साताऱ्यात राहतो. एकतीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं, आता निवृत्त आहे. भाचा अकरावीत. त्याच्या एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग असतं, तिथून त्याला हे वेड लागलं. जूनमध्ये तो किटचा खोका घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, लाकूड तुमचं, इलेक्ट्रॉनिक्स माझं." कामाची वाटणी शेवटपर्यंत तशीच राहिली.

विमान

उंच पंखाचं, शिकाऊ उडवणाऱ्यासाठीचं साधं विमान. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १२०० मिमी, रुंदी सगळीकडे सारखी २०० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ८५० ग्रॅम भरलं. प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साधारण ३५ ग्रॅम भार येतो, शिकण्यासाठी ठीक. पुढे ब्रशलेस मोटर, ९ बाय ६ चा पंखा (प्रोपेलर), ११.१ व्होल्टची तीन सेलची लिपो बॅटरी. मागे ९ ग्रॅमचे दोन सर्वो (पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या मोटरी), एक रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीला, एक एलिव्हेटरला, म्हणजे आडव्या हलत्या पट्टीला. या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नाहीत, ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे. वळायचं ते फक्त रडरने. रडर डावीकडे वळवला की नाक डावीकडे जातं, उजवा पंख पुढे येतो, दोन्ही पंख टोकाकडे वर उचललेले असल्यामुळे पुढे आलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान डावीकडे कलतं. त्यासाठी पंखाचं प्रत्येक टोक मधल्या जोडापेक्षा ६० मिमी वर आहे.

लाकूड बाल्सा. आयुष्यभर सागवान, शिसव आणि देवदार हाताळलेल्या माणसाच्या हातात बाल्साची पहिली पट्टी येते तेव्हा हात आपोआप वर उडतो, कारण मनाने धरलेलं वजन तिथे नसतंच. बऱ्या प्रतीच्या बाल्साची घनता दर घनमीटरला १५० किलोच्या आसपास, सागवानाची साडेसहाशेच्या. झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं. कूळ मात्र ओळखीचं: आपल्या काटेसावरीचं आणि कापसाचं जे कूळ, तेच याचं. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' या खऱ्याखुऱ्या लढाऊ विमानाचं धड बर्चच्या प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं होतं. तेव्हा हे पोरखेळाचं लाकूड आहे असं कुणी समजू नये.

पंखाची रचना सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. २ मिमी बाल्साच्या रिब्स, म्हणजे पंखाच्या आडव्या फासळ्या, लेसरने कापलेल्या. रिबचा आकार क्लार्क वाय जातीचा, वरून फुगीर आणि खालून मागच्या भागात सपाट, त्यामुळे पंख सपाट फळीवर ठेवून बांधता येतो. रिब्समधून पंखाच्या लांबीभर जाणारे दोन स्पार, म्हणजे पंखाचे कणे, एक वर एक खाली. दोन स्पारांच्या मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साचे तुकडे. आणि पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत, वर आणि खाली, १.५ मिमी बाल्साचा पत्रा. हा पत्रा, पुढची कड आणि स्पारांमधले उभे तुकडे मिळून एक बंद नळी होते, आडव्या छेदात इंग्रजी डी अक्षरासारखी. पंखाला पीळ न येण्याची ताकद जवळजवळ सगळी या नळीतून येते. तिच्यामागे नुसत्या रिब्स आणि त्यांच्यावर इस्त्रीने चिकटवायची प्लॅस्टिक फिल्म.

किटसोबतच्या बांधणीच्या नकाशावर आणखी एक सूचना होती: दोन्ही पंखांच्या टोकाशी मागच्या कडेखाली ३ मिमीचा टेकू द्या आणि तो मधल्या जोडापर्यंत शून्यावर आणा. म्हणजे टोकाकडे पंखाची मागची कड किंचित वर राहते आणि टोक हवेला जरा कमी कोनात भिडतं. याला वॉशआउट म्हणतात. वेग कमी होऊन पंखाची उचल कोसळायला लागली तर ती आधी मध्ये कोसळावी आणि टोकं शेवटपर्यंत धरून राहावीत, म्हणजे विमान कलत नाही, नुसतं नाक खाली घालतं. शिकाऊ विमानाला हे फार मोठं संरक्षण आहे.

डावा पंख जुलैच्या अखेरीस बांधला, उजवा ऑगस्टच्या मध्यावर. साताऱ्याचा तो पाऊस, घरात कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. नकाशाचा कागदसुद्धा ओल धरून वाढला होता आणि रिब्सच्या खुणा स्पारवरच्या खाचांशी जुळेनात. खाचांवर विश्वास ठेवला, कागदावर नाही, आणि ते बरोबर ठरलं. ऑक्टोबरात फिल्म चढवली. पंख लालभडक, त्यावर पिवळा पट्टा. विमान देखणं झालं होतं.

लक्षणं

सोयाबीन काढून मोकळं झालेलं एका स्नेह्यांचं शिवार आहे, गावापासून लांब. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ते हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात येतं हे आधी पाहून घेतलं होतं. सकाळी साडेसात, वारा नाही. मी हाताने सोडलं, भाच्याकडे ट्रान्समीटर.

विमान छान वर चढलं आणि लगेच उजवीकडे कलायला लागलं. भाच्याने रडरचं ट्रिम (काठी न हलवता रडर थोडा वळलेला ठेवायची ट्रान्समीटरवरची सोय) डावीकडे सरकवलं, सरकवत सरकवत जवळपास टोकाला नेलं, तेव्हा ते सरळ उडायला लागलं. रडरची मागची कड ४ मिमी डावीकडे. पुढे सहा मिनिटं त्याने सुरेख फेऱ्या मारल्या. मग मोटर बंद केली, हवेत तरंगत आणलं, जमिनीजवळ वेग मारण्यासाठी, म्हणजे कमी करण्यासाठी, एलिव्हेटर हळूच वर ओढला. त्याच क्षणी डावा पंख गेला.

दुसऱ्या सकाळी दोनदा उतरवलं, दोन्ही वेळा तेच. तिसऱ्या सकाळी त्याने घाबरून वेग मारलाच नाही, विमान सपाट, जोरात आणलं आणि ढेकळांवरून घसरत थांबवलं. पंख पडला नाही. तेव्हा तो म्हणाला, "मामा, वेगात उतरवलं तर पडत नाही. हळू केलं की पडतं." प्रकरणाची गुरुकिल्ली त्या वाक्यात होती. मला ती ओळखायला आणखी सहा आठवडे लागले.

जे तपासलं आणि निघालं नाही

पहिला संशय मोटरवर. मागून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहतं. भाच्याचं म्हणणं, डावा पंख पडतो तो यामुळेच. पण पंख पडायचा तेव्हा मोटर बंद असायची. मग उलट बाजूने विचार केला: या कलण्यावर उतारा म्हणून मोटर मुद्दाम थोडी उजवीकडे वळवून बसवलेली असते, ती जास्त वळली असेल म्हणून विमान उजवीकडे ओढत असेल. यासाठी चाचणी सोपी आहे. ट्रिम मधोमध आणलं, ५०-६० मीटर उंचीवर मोटर पूर्ण बंद केली आणि काठी सोडून दिली. विमान शांतपणे तरंगत उजवीकडेच वळत गेलं. मोटर संशयातून सुटली.

मग तोल. नाकाला आणि शेपटीला दोरा बांधून विमान अधांतरी टांगलं. डावी बाजू किंचित जड निघाली, बहुधा डाव्या पंखात फेव्हिकॉल जास्त गेला होता. उजव्या टोकात एक छोटा खिळा बसवून तोल साधला. पुढच्या उड्डाणात फरक शून्य. पुढे-मागचा तोल आधीच ठीक होता, पुढच्या कडेपासून ६० मिमीवर, म्हणजे रुंदीच्या ३० टक्क्यांवर.

मग शेपटी. न ताणणारा दोरा घेऊन शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजलं, दोन्हींत २ मिमीचा फरक, त्याने काही बिघडत नाही. उभा पंख सरळ, आडवी शेपटी मागून पाहिली तर पंखाशी समांतर.

यात जानेवारी गेला. दर शनिवारी-रविवारी एक गोष्ट बदलायची, उडवायचं, वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम आम्ही पाळला, आणि त्यामुळेच वहीतली नोंद पुढे कामी आली. शेवटी भाच्याने ६० मीटर उंचीवर मुद्दाम वेग मारून पाहिला, पाच वेळा. पाचही वेळा डावा पंख पडला आणि विमान अर्धी गिरकी घेऊन सावरलं.

वही समोर घेऊन बसलो. वेगात उजवीकडे, संथ झालं की डावीकडे. वजनाचा दोष असता तर एकाच बाजूला ओढलं असतं. रडरचा असता तरी तसंच. वेगाप्रमाणे बाजू बदलणारा दोष कोणता?

डावा पंख हवेला उजव्यापेक्षा जास्त कोनात भिडत असेल, तर हे दोन्ही होईल. वेगात असताना जास्त कोन म्हणजे जास्त उचल. डावा पंख वर जातो, विमान उजवीकडे कलतं. संथ झाल्यावर नाक वर होतं, दोन्ही पंखांचा कोन वाढत जातो आणि ज्याचा आधीच जास्त आहे तो मर्यादा आधी ओलांडतो. त्याची उचल कोसळते. डावा पंख पडतो. आणि आम्ही दिलेलं ट्रिम? वेगातली ओढ झाकण्यासाठी रडर डावीकडे ठेवलेला. म्हणजे संथ होताना नाकही डावीकडे वळत होतं, डावा पंख आणखी मागे, आणखी हळू. ट्रिमने आम्ही वरची तक्रार मिटवली होती आणि खालची वाढवली होती.

पट्ट्या

लाकडाच्या फळीला पीळ आहे का हे बघायची सुतारांची जुनी रीत आहे. दोन सरळ, सारख्या उंचीच्या पट्ट्या घ्यायच्या, एक फळीच्या या टोकाला आडवी ठेवायची, दुसरी त्या टोकाला. मग डोळा खाली आणून जवळच्या पट्टीच्या कडेवरून लांबची पट्टी बघायची. कडा समांतर दिसल्या तर फळी सपाट. लांबच्या पट्टीचं एक टोक वर डोकावलं तर पीळ. पट्ट्या फळीपेक्षा लांब असल्या की पीळ तेवढ्या पटीने मोठा दिसतो. वर्गात पहिल्या महिन्यात शिकवायचो मी हे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ॲल्युमिनियमच्या ६०० मिमी लांब दोन चॅनेल घेतल्या. पंख धडावरून काढला, टेबलावर उलटा ठेवला. एक चॅनेल मधल्या जोडाजवळ रिबच्या सपाट तळाला कागदी टेपने चिकटवली, दुसरी टोकाच्या रिबला. भाचा पलीकडे स्टीलची फूटपट्टी उभी धरून बसला, मी एक डोळा मिटून चॅनेलच्या पातळीवर आलो.

पंखाची रुंदी २०० मिमी, चॅनेल ६००, म्हणजे तिप्पट मोठं दिसणार. नकाशातला ३ मिमी वॉशआउट चॅनेलच्या टोकांशी ९ मिमी दिसायला हवा, दोन्हीकडे.

डावा पंख: शून्य. दोन्ही कडा तंतोतंत समांतर.

उजवा पंख: १८.

भाच्याने पट्टी पुन्हा लावली, मी पुन्हा वाचलं. मग जागा बदलून त्याने वाचलं. अठराच. म्हणजे डाव्या पंखात वॉशआउट अजिबात नाही आणि उजव्यात दुप्पट. टोकाशी ६ मिमीचा फरक, २०० मिमी रुंदीवर जवळजवळ पावणेदोन अंश. फिल्मच्या तांबड्या चकाकीखाली इतके महिने हे डोळ्यांना दिसलं नव्हतं, कारण दोन पंख वेगवेगळ्या दिशेने वर उचललेले असतात आणि नजर त्यातच फसते.

"टेकू एकाला दिला आणि एकाला विसरलो असं तर नाही ना?" भाचा म्हणाला. तसं असतं तर शून्य आणि ९ आलं असतं. शून्य आणि १८, दोन्ही ९ पासून सारख्याच अंतरावर, एक खाली एक वर. ही चूक हाताची नव्हती, हाताची चूक इतकी नेमकी नसते.

फळी

पंख बांधले ती फळी पडवीत होती. १२ मिमीचं प्लाय, ९०० बाय ३००. दोन पावसाळे भिंतीला टेकून उभी होती, खालचा एक कोपरा विटेवर. बांधणीला घेण्याआधी मी ती तपासली होती, हे मला पक्कं आठवतं. सरळपट्टी लांबीला धरली, रुंदीला धरली, चार-पाच ठिकाणी. कुठेही फट नव्हती.

आता तीच सरळपट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कर्णावर धरली. मध्ये दीड मिमीहून जास्त फट. दुसऱ्या कर्णावर धरली तर पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना डुलायला लागली. चॅनेल ६०० मिमी अंतरावर ठेवून पाहिल्या: ९ मिमी.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. एकसारखा पीळ आलेली फळी लांबीच्या रेषेत सरळच असते, रुंदीच्या रेषेतही सरळच असते. वाकलेली असते ती फक्त तिरक्या रेषांत. म्हणून लांबी-रुंदीला पट्टी लावून पीळ कधीच सापडत नाही. बाक सापडतो, पीळ नाही. मी तपासलं होतं ते बरोबर तपासलं होतं, पण पिळासाठीची तपासणी ती नव्हेच.

पण मग एकाच फळीवर बांधलेले दोन पंख उलट कसे पिळले? मला वाटलं होतं, दोन्ही सारखेच बिघडायला हवेत. भाच्याने फळी समोर धरली, उलटसुलट फिरवली आणि म्हणाला, "मामा, हा दोरीसारखा आहे."

अगदी बरोबर. दोरीचा पीळ कोणत्याही टोकाकडून बघा, एकाच बाजूचा असतो. फळी फिरवून घेतली तरी तिचा पीळ बदलत नाही. पण डावा पंख आणि उजवा पंख हे आरशातले एकमेकांचे जोडीदार आहेत. मधल्या जोडापासून टोकाकडे बघत गेलं तर डाव्या पंखाची पुढची कड उजव्या हाताला येते आणि उजव्या पंखाची डाव्या हाताला. त्यामुळे जो पीळ डाव्या पंखाची मागची कड खाली ओढतो, तोच उजव्याची वर उचलतो. ३ मिमीच्या टेकूतून फळीने डावीकडे ३ वजा केले, शून्य. उजवीकडे ३ मिळवले, सहा. तिप्पट केले की शून्य आणि अठरा. मापं इतकी चोख जुळलेली फार क्वचित पाहिली आहेत.

फळीला पीळ फक्त ३ मिमीचा. दाराच्या चौकटीत तो चालवून घेतला असता. विमानाच्या दोन पंखांत त्याचे ६ झाले.

दुरुस्ती: पहिली, जी टिकली नाही

फिल्मचा एक उपाय सगळे मॉडेलवाले करतात. पंख हाताने उलट दिशेने पिळून धरायचा, वरून हॉट एअर गनने किंवा इस्त्रीने फिल्म गरम करायची, ती आवळते, थंड होईपर्यंत तसंच धरायचं. फिल्मच्या ताणाने पंख नव्या आकारात राहतो. आम्ही दोन्ही पंखांना केलं. मोजलं तर डावा ८, उजवा १०. आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उडवलं, विमान बरंच सरळ गेलं.

पुढच्या रविवारी उन्हात तासभर ठेवून मग उडवलं आणि ओढ परत आली. घरी मोजलं: डावा ३, उजवा १४. आत लाकडाची बंद नळी जुन्याच आकाराची होती, फिल्म तिला जबरदस्तीने धरून होती. फेब्रुवारीच्या उन्हात फिल्म सैल पडली आणि नळी आपल्या जागी गेली. ज्या पंखात पुढे पत्र्याची नळी नाही, नुसत्या रिब्स आणि फिल्म आहे, तिथे हा उपाय टिकतो. इथे टिकायचं काही कारण नव्हतं.

दुसरी

भाच्याला तयार करायला वेळ लागला. सुंदर झालेली फिल्म फाडायची, पंख कापायचा, त्याच्या जिवावर आलं होतं. मी त्याला वहीच्या कागदाची एक नळी करून दिली, कड चिकटवलेली. "पीळ हिला." पिळेना, चुरगळली. मग दुसरी नळी केली आणि लांबीला एक चीर दिली. ती दोन बोटांनी पिळली गेली. बंद नळी आणि चिरलेली नळी, कागद तोच. "आपण फक्त चीर द्यायची आहे, मग सरळ करायचं, मग चीर बुजवायची," एवढं सांगितल्यावर त्याने स्वतःच कटरला नवं ब्लेड लावलं.

खालच्या बाजूची फिल्म काढली. खालचा पत्रा ज्या रेषेत खालच्या स्पारला चिकटला होता त्या रेषेवर टोकापासून जोडापर्यंत ब्लेड चालवलं. एकदम खोल नाही, हलक्या हाताने सहा-सात वेळा. शेवटच्या वेळी फेव्हिकॉलची रेघ तुटल्याचा बारीक कट्‌ असा आवाज येत गेला, रिबमागून रिब. जोडापर्यंत पोचल्यावर भाच्याने टोक हातात धरून हलकेच फिरवलं आणि तोच दचकला. इतके दिवस दगडासारखा असलेला पंख ओल्या पुठ्ठ्यासारखा वळत होता.

पाया म्हणून या वेळी ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला पट्टा घेतला. आधी दोन्ही कर्णांवर सरळपट्टी, मग चॅनेल: शून्य. ग्रॅनाइटमध्ये टाचणी जात नाही, म्हणून वर नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड अंथरला, त्यावर बटर पेपर. दोन्ही पंख आता मध्ये जोडलेले, त्यामुळे एक सपाट ठेवला की दुसऱ्याचं टोक १२० मिमी वर येतं. त्याखाली पुस्तकांची चळत ठेवली. मागच्या कडेखाली टोकाला ३ मिमी, जोडाला शून्य अशी पाचर. ती मी देवदाराची, रंध्याने एकाच पट्टीतून काढली आणि दोन्ही पंखांना तीच वापरली. टाचण्या मारल्या, रिब्सवर वाळूच्या पिशव्या.

चिरेत पंख उघडा करून जुना गोंद पॉलिश पेपरने घासला, फेव्हिकॉल भरला आणि जोडावर आतल्या बाजूने १.५ मिमी बाल्साची १० मिमी रुंद पट्टी आधार म्हणून दिली. इथे सुपरग्लू वापरायचा मोह झाला होता. पण तो क्षणात धरतो, नंतर काही हलवता येत नाही, आणि आम्हाला चिकटवल्यावर पुन्हा चॅनेल लावून बघायचं होतं. बघितलं, एका जागी अर्धा मिमी दुरुस्त केला, मग चोवीस तास हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी टाचण्या काढून उजवा पंख लावला.

दोन्ही मिळून वजन ९ ग्रॅम वाढलं. नवी फिल्म चढवल्यावरची मापं: डावा ९, उजवा ९.

नंतर

मार्चच्या तिसऱ्या रविवारी गेलो. बांधावरची काटेसावर लाल फुलली होती. भाच्याने रडरचं ट्रिम मधोमध आणलं, मी सोडलं. विमान वर गेलं, थोडं डावीकडे झुकलं. हे मात्र मोटरचंच होतं, कारण मोटर बंद केली की झुकणं थांबत होतं. मोटरच्या मागे डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली एकेक पातळ वॉशर घातला, मोटर जरा उजवीकडे वळली आणि तेही मिटलं. आधी हा फरक पिळाच्या मोठ्या दोषाखाली दबून गेला होता, जानेवारीत आम्हाला तो दिसणं शक्यच नव्हतं.

मग ६० मीटरवर वेग मारायची चाचणी. मोटर बंद, एलिव्हेटर हळूहळू वर, आणखी वर. नाक उचललं गेलं, विमान क्षणभर हवेत थांबल्यासारखं झालं. भाच्याचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. नाक सरळ खाली गेलं, पंख सपाट, दहा-बारा मीटरमध्ये वेग घेऊन ते आपसूक सावरलं. पाच वेळा केलं. चार वेळा नाक सरळ खाली, एकदा किंचित उजवीकडे.

त्या दिवशी त्याने सात वेळा उतरवलं. एकदाही टोक टेकलं नाही.

जुनी फळी टाकलेली नाही. तिच्या दोन्ही कर्णांवर मी लाल पेन्सिलने रेघा मारल्या आहेत आणि वर "९ मिमी" लिहून ठेवलं आहे. पुढच्या किटचं काम ग्रॅनाइटवर होईल.

जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला होता तेव्हा पंख कपाटातून काढून पुन्हा चॅनेल लावल्या. डावा ९, उजवा १०. वहीत लिहिलं आणि पंख परत टांगून ठेवला.